व्हर्लिनची वर्मी घावाची वही

व्हर्लिन हॅकबार्थला जाऊन आता सव्वा वर्ष झालं. शेबॉयगन गावात त्याला ओळखणारी माणसं दोन जातीची, एक फाउंड्रीतली आणि एक रविवारची. फाउंड्रीतली म्हणतात माणूस सरळ होता पण आडमुठा. रविवारची म्हणतात आडमुठा होता पण सरळ. बस, एवढाच फरक.

फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, तो तपासनीस होता, एकतीस वर्षं. ओतून आलेला लोखंडी भाग घ्यायचा, त्याला मापाचं गेज लावायचं. बसलं तर माल चांगला, नाही बसलं तर लाल खडूनं फुली. केसाएवढा फरक असला तरी फुली. कुणी ओतलाय हे तो बघायचाच नाही. एकदा सख्ख्या मेव्हण्याचे चाळीस भाग त्यानं एका सकाळी बाद केले आणि दुपारी त्याच्याच शेजारी बसून डबा खाल्ला. मेव्हणा बोलत नव्हता तर ह्याला कळेना का बोलत नाही ते. माल वाकडा होता, ह्यात रागवायचं काय, असं त्याचं. असा माणूस.

आणि रविवारी चर्च सुटलं की घरी तळघरात खेळ. आता हा खेळ म्हणजे पत्ते नव्हे आणि सोंगट्याही नव्हे. टेबलाभोवती पाचजण बसणार. त्यातला एक गोष्ट सांगणारा, तो व्हर्लिन. बाकीच्यांनी प्रत्येकी त्या गोष्टीतलं एक माणूस व्हायचं, कुणी लढवय्या, कुणी पुजारी, कुणी चोर. ज्याच्या त्याच्या माणसाचा एक कागद असायचा, त्यावर त्याची ताकद, त्याचं सामान, जखमा, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. व्हर्लिन म्हणणार, समोर दार आहे, आतून कुजका वास येतोय, काय करता? मग ह्यांनी सांगायचं काय करतो ते. मारामारी आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. वार लागला का हुकला ते फासा ठरवणार.

छापील पुस्तकात असं होतं की फाशावर वीस पडले तर दुप्पट मार. व्हर्लिनला ते पटायचं नाही. फाउंड्रीत त्यानं माणसांची बोटं जाताना पाहिलेली, एकाचा डोळा जाताना पाहिलेला. तो म्हणायचा, "दुप्पट म्हणजे काय? दुप्पट काही लागत नसतं. लागतं ते कुठंतरी लागतं."

म्हणून त्यानं वही केली. वर्मी घावाची वही. नियम असा की वीस पडले की परत एकदा टाकायचा, दुसऱ्यांदाही वार लागला तर मग शंभराचे दोन फासे, म्हणजे शून्य ते नऊचे, एक दशकाचा आणि एक एककाचा, टाकायचे आणि जो आकडा येईल त्या आकड्याची ओळ वहीतून वाचायची. शंभर ओळी होत्या. त्याला लिहायला तीन हिवाळे लागले. बारा नंबर, गुडघा, ह्यापुढे पायऱ्या मोजून चढायच्या. अठ्ठावन्न, दोन बोटं, कुठली ते मारणाऱ्यानं सांगायचं. सदतिसावी ओळ लाइलनं दिलेली. लाइल फेल्टन म्हणजे पोस्टमन, व्हर्लिनचा शाळेपासूनचा दोस्त. ती अशी होती, कान गेला, ह्यापुढे हाक ऐकू येणार नाही, बायकोची तर नाहीच. ती ओळ निघाली की लाइलची बायको वरून स्वयंपाकघरातून ओरडायची की मला सगळं ऐकू येतंय.

आणि शेवटची ओळ, शंभर. दोन्ही फाशांवर शून्य. तिथं एवढंच लिहिलेलं, गेला. त्या खेळात मेलेल्या माणसाला देवळात नेऊन उठवता यायचं, पण शंभरवाल्याला नाही. देऊळ नाही, मंतर नाही, काही नाही. हा नियम राक्षसांना तसाच आपल्या माणसांनाही. आणि फासे टाकायचे ते केकच्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणात, टेबलाच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बाकीचे गोष्ट सांगणारे पुठ्ठ्याची आड लावून मागं फासे टाकतात. व्हर्लिननं कधी आड लावली नाही. आकडा पडला की मोठ्यानं म्हणायचा, चांगला असो वाईट असो.

चौऱ्याऐंशी साली सगळ्यांनी हात वर करून तो नियम पास केला आणि वहीच्या पहिल्या पानावर सह्या केल्या. लाइलची सही होती, ऑरिनची होती, हा ऑरिन शाळेची बस चालवायचा. व्हर्लिनच्या धाकट्या बहिणीची, मार्लिसची होती. मार्लिस बेकरीत कामाला, खेळात पुजारीण, आणि दर रविवारी आपले मंतर विसरायची. लाइल म्हणायचा, हिच्या भरवशावर राहण्यापेक्षा मेलेलं बरं.

शंभर पडून कुणी गेलं तर त्याचा कागद जाळायचा, अशी पद्धत पडली होती. परसात सॉसेज भाजायची शेगडी असायची, बर्फ पडो काही पडो, रविवारी ती पेटणारच. तिच्या निखाऱ्यांवर कागद ठेवायचा, सगळ्यांनी बियरची बाटली उंचवायची. लाइलची तीन माणसं अशी गेली. तो टोपी काढून भाषण करायचा की मयत फार गुणी होता, फक्त त्याला दार उघडण्याआधी कान लावायची अक्कल नव्हती.

व्हर्लिनची मुलगी ग्रेचेन अकराव्या वर्षी त्या टेबलावर बसली. तिनं पण सही केली, गोल गोल अक्षरात. तिचं माणूस म्हणजे एक बारकीशी चोरटी पोरगी, नाव फिंच. नाव तिच्या आईनं ठेवलं. आई म्हणजे अर्डिस. ती खेळायची नाही, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर विणत बसायची. पण फिंचच्या पिशवीत काय काय आहे ते तिनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं. दोर पन्नास हात. मेणबत्त्या चार. चाकू एक. लोकरी मोजे, घालायचेच. असं लिहिलेलं, घालायचेच. त्याच्याखाली रेघ.

ग्रेचेन चौदाची असताना अर्डिस कॅन्सरनं गेली. मग वरच्या घरात कुणी कुणाशी फार बोलायचं नाही. बापलेकीचं बोलणं काय ते तळघरात. फिंच बोलायची आणि ह्याचे राजे, भामटे, सराईवाले तिला उत्तरं द्यायचे. कधी कधी त्या दोघांचंच चालायचं आणि बाकीचे बसून खाणं चिवडत राहायचे, कुणी तक्रार केली नाही. कागद खोडून खोडून फाटायला आला की ग्रेचेन नवा करायची, पण पिशवीचा तेवढा तुकडा जुन्यातून कापून नव्यावर चिकटवायची. चार वेळा तरी चिकटवला असेल.

सत्त्याण्णव साली ऑगस्टमध्ये ती कॉलेजला मिनियापोलिसला निघाली. त्या आधीचा शेवटचा रविवार. व्हर्लिननं तिच्यासाठी म्हणून सोपीच गोष्ट काढली होती, एक पूल, त्यावर जकातवाले चारपाच, त्यांना हाणून पलीकडं जायचं, की झालं, निरोपाचं जेवण. त्यातला एक फालतू जकातवाला, त्याला नावसुद्धा नव्हतं. त्यानं फिंचवर वार केला, त्याचा फासा टाकला तर वीस. परत टाकला, लागला. शंभराचे टाकले. एक शून्य लगेच बसलं. दुसरा फासा झाकणाच्या कडेला गरगर फिरत राहिला आणि तोही शून्यावर बसला.

व्हर्लिन म्हणाला, "शंभर."

लाइल म्हणाला, अरे तो कडेला लागला, तो धरत नाहीत. ऑरिन म्हणाला हो हो, कडेचा धरत नाहीत. असा काही नियम नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक. मार्लिस म्हणाली परत टाक. ग्रेचेन बापाकडं बघत होती.

व्हर्लिन म्हणाला, "वही ती वही."

ग्रेचेननं कागद उचलला आणि परसात गेली. मागोमाग सगळे गेले. शेगडीपाशी ती कागद हातात धरून उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. व्हर्लिन चिमट्यानं सॉसेज उलटत होता. त्याला काय वाटत होतं ते त्यानं पुढं फाउंड्रीत सगळ्यांना सांगितलं, की माझी पोरगी बघा, डोळ्यात पाणी नाही, एक शब्द नाही, नियम म्हणजे नियम. त्याला अभिमान वाटत होता. मग तिनं कागद निखाऱ्यावर ठेवला. लाइलनं टोपी काढली पण भाषण केलं नाही.

त्या कागदावर अर्डिसचं अक्षर होतं हे व्हर्लिनला आठवलं ते मंगळवारी. कामावर, गेज हातात असताना. त्या दिवशी त्यानं अर्धी सुट्टी टाकली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घरी येऊन शेगडीतली राख चाळणीनं चाळली. राखच ती.

ग्रेचेन तोवर गेलेली होती. फोन करून सांगावं असं त्यानं ठरवलं आणि केला नाही. पुढच्या आठवड्यात करू म्हणाला. मग नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती आली, टर्कीचं जेवण झालं, भोपळ्याचं गोड खाल्लं, भांडी झाली, आणि रविवारी सगळे तळघरात उतरले तेव्हा ही वरच बसली टीव्हीपुढं. व्हर्लिन जिन्यातून म्हणाला, नवीन माणूस करतेस का. ती म्हणाली, "नको बाबा, तुम्ही खेळा."

त्या रात्री भांडी पुसताना मार्लिसनं त्याला सांगितलं, "ती कागद घेऊन उभी होती ना, ती तुझी वाट बघत होती. तू एकदा जरी नको म्हणाला असतास."

"ती बोलली तसं?"

"ती कशाला बोलतेय."

"मग तुला काय माहीत," म्हणाला. पण त्यालाही माहीत झालंच.

त्यानंतर बावीस वर्षं. हे लिहायला एक ओळ लागते पण बावीस वर्षं. ग्रेचेन तिकडंच राहिली, दातांच्या डॉक्टरकडं कामाला लागली, लग्न केलं, मोडलं. दर नाताळला यायची. कधी भांडली नाही, कधी टोचून बोलली नाही. बापाला वाढदिवसाला मोजे, मफलर, सगळं पाठवायची. फक्त तळघरात पाऊल टाकलं नाही. खालून धुतल्या कपड्यांची टोपली आणायची असली तरी मार्लिसला म्हणायची, आत्या, तेवढी आण ना.

आणि व्हर्लिननं तिला ती एक गोष्ट सांगितली नाही, की मला आठवलं नव्हतं. कितीदा ठरवलं. नाताळच्या सकाळी तिला बसच्या स्टेशनवरून आणताना गाडीत ठरवलेलं असायचं. मग रस्ता घसरडा आहे, ह्या वर्षी सरोवराचा काठ लवकर गोठला, असं बोलण्यातच घर यायचं.

फाउंड्री बंद पडली. ह्याची छाती भरत गेली, साच्यांच्या वाळूची धूळ एवढी वर्षं ओढलेली. दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात नाकाला ऑक्सिजनची नळी आली, आणि डॉक्टर म्हणाले पुढचा उन्हाळा धरू नका. मग त्यानं मार्लिसला सांगितलं की मला आता काही नको, ती एकदा टेबलावर बसली पाहिजे. बस, एकदा. मार्लिस म्हणाली, तिला तो कागदाचा विषय बोल ना त्यापेक्षा. तो म्हणाला, बसली की आपोआप बोलणं होईल, तिथं आमचं बोलणं होतं.

त्यानं स्वतः फोन केला. ग्रेचेन हो म्हणाली. मार्लिसला तर रडूच आलं.

ऑक्टोबरातला रविवार. ऑरिननं आणि लाइलनं टेबल वर हॉलमध्ये आणलं कारण ह्याला जिना होत नव्हता. मार्लिसनं बटाट्याचं सॅलड आणि कडक पाव आणले. ग्रेचेन चाळीस वर्षांची, केस पांढरे व्हायला लागलेले, येऊन बसली आणि म्हणाली माझं माणूस म्हणजे एक म्हातारी, मीठ विकते. नाव काय तर म्हणे ठेवू नंतर. लाइल म्हणाला मीठवालीला लढाईत घेऊन काय करायचं, तर ही म्हणाली, "तुमच्या जखमांवर चोळीन." सगळे हसले. व्हर्लिन एवढा हसला की नळी निघाली.

पण एक होतं. त्यानं समोर पुठ्ठ्याची आड लावलेली. लाइलनं विचारलं हे काय रे, तर म्हणाला हात थरथरतो, फासे सांडतात.

दोन तास छान गेले. खरंच छान. ग्रेचेनची म्हातारी सगळ्यांना शिव्या घालायची आणि व्हर्लिन तिला एका बेरकी नावाड्याच्या आवाजात उत्तरं द्यायचा, धाप लागायची तरी द्यायचा. मार्लिस ह्या वेळी मंतर विसरली नाही, चिठ्ठीवर लिहून आणले होते. मग गोष्टीत एक राक्षस आला, गदावाला, आणि तो म्हातारीवर धावला.

व्हर्लिननं आडेमागं फासा टाकला. थांबला. परत टाकला. मग ते शंभराचे दोन टाकले, त्यांचा आवाज वेगळा येतो, टेबलावरच्या प्रत्येकाला तो आवाज पाठ. मग म्हणाला, "हुकला."

पस्तीस वर्षांत त्यानं आकडा न सांगता कधी हुकला म्हटलं नव्हतं. लाइल आपल्या पावाकडं बघायला लागला. ऑरिन पण.

ग्रेचेन म्हणाली, "किती पडले?"

"चार."

"चार पडले तर परत कशाला टाकलेस बाबा?"

ती उठली, जोरात नाही, सावकाश, आणि वाकून पुठ्ठ्याच्या पलीकडं बघितलं. वीस बाजूंचा एकोणीसवर होता, दुसऱ्यांदाचा तो, म्हणजे वार लागलेलाच. शंभराचे कितीवर होते ते तिनं सांगितलं नाही आणि नंतर कुणी विचारलं नाही. परत खाली बसली.

"म्हणजे तेव्हाही करता येत होतं," म्हणाली.

व्हर्लिन म्हणाला, "ग्रेचेन."

"नाही, बरोबर आहे. करता येत होतं, एवढंच म्हणतेय."

ती उठून गेली नाही. डाव संपेपर्यंत बसली, तिची पाळी आली की फासा टाकला, म्हातारी राहिली जिवंत. मग सॅलडचं भांडं धुतलं, मार्लिसला मिठी मारली, बापाच्या नळीचा सिलिंडर किती भरलाय ते बघितलं आणि गाडी काढून गेली. सहा तासांचा रस्ता.

व्हर्लिन मार्लिसला म्हणाला, "ह्या वेळी वाचवलं ना तिला."

मार्लिस म्हणाली, "त्या मीठवालीला? तिची ओळख होऊन दोन तास झाले होते रे." आणि मग तिला वाटलं आपण हे बोलायला नको होतं, पण बोलून झालं होतं. अजून वाटतं.

फेब्रुवारीत त्याला दवाखान्यात हलवलं ते शेवटचंच. ग्रेचेन आली. रजा टाकून आली आणि खुर्चीवर झोपली, त्याचे ओठ ओल्या फडक्यानं पुसायची, नखं कापली, नर्सबाईंशी भांडून जादा उशी आणली. पोटच्या पोरीनं करावं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मार्लिस पण तिथं होती. व्हर्लिननं तोंडावरचा मास्क खाली ओढला. ग्रेचेन म्हणाली, राहू दे ना तो. त्यानं हात केला, थांब म्हणून. एकेक शब्द श्वास घेऊन घेऊन म्हणाला, "तो कागद. आईचं अक्षर होतं. मला आठवलंच नव्हतं. मंगळवारी आठवलं."

बावीस वर्षं जे पोटात होतं ते शेवटी बाहेर आलं. मार्लिसला वाटलं आता होईल, आता ती त्याचा हात धरेल.

ग्रेचेन त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं तुला आठवत होतं."

तो मान हलवून नाही म्हणाला. नाही नाही. जणू काही चांगली बातमी देत होता.

"मला वाटायचं तुला सगळं आठवतंय, आणि तरीसुद्धा तू नियम पाळलास. तुला पण माझ्याएवढंच जड गेलं असेल." ती अगदी हळू बोलत होती. "ते बरं होतं बाबा. त्यावर मी एवढी वर्षं काढली."

आणि तिनं मास्क परत त्याच्या तोंडावर नीट बसवला, कानामागं पट्टी अडकवली.

त्यानंतर तो दीड दिवस होता. शुद्धीवर होता बराच वेळ. ती खुर्चीवरच होती, फडकं ओलं करत होती. त्यानं दोनदा परत मास्ककडं हात नेला आणि दोनदा तिनं तो हळूच धरून खाली ठेवला, म्हणाली दमशील. रागानं नाही, खरंच काळजीनं. तो तिच्याकडं बघत होता आणि ती सिलिंडरच्या काट्याकडं. मार्लिस सँडविच आणायला खाली गेली होती तेवढ्यात गेला.